कोठीतले बूट

बहीण : “डबा उघडायचा नाही, ताई. उन्हात ठेवायचा नाही. कुणी मागितले तरी द्यायचे नाहीत. आणि घालायचे तर मुळीच नाहीत, एकदासुद्धा. मी परत येईन तेव्हा मीच घालीन.” एवढं सांगून माझा भाऊ घरातून गेला. चोवीस वर्षं झाली. मी त्याच्या शब्दाबाहेर गेले नाही.

कारागीर : ते दिसतंय काकू. डबा अजून कोपऱ्यांना कडक आहे. पण हा वास कसला?

बहीण : डांबरगोळ्यांचा.

कारागीर : बुटात डांबरगोळ्या?

बहीण : बुटात नाही, डब्यावर. कसर लागू नये म्हणून. आणि वरून तीन पिशव्या, प्लॅस्टिकच्या. एकीत एक. मग लोखंडी कपाट.

कारागीर : अरे देवा.

बहीण : चुकलं का काही?

कारागीर : नंतर सांगते. आधी बसा. ते स्टूल नको, त्याला गोंद लागलाय, साडी गेली म्हणून समजा. हं, हे घ्या. डबा शेवटी कधी उघडलात?

बहीण : परवा. पहिल्यांदाच. भाऊ हॉस्पिटलमध्ये आहे. एवढ्या वर्षांनी परत आला तो असा, पलंगावर. मी भेटायला गेले तर तब्येतीचं काही बोलला नाही. म्हणाला, “ताई, माझे बूट आहेत का?” मी म्हटलं, “आहेत. जसेच्या तसे.” घरी आले, डबा उघडला, एक बूट उचलला आणि टाच माझ्या हातातच राहिली. शिळ्या केकसारखा भुगा. पेठेतला चपलांचा दुकानदार म्हणाला की या जिन्याखाली एक मुलगी बसते, ती जुन्या बुटांना जिवंत करते.

कारागीर : जिवंत! त्याला म्हणावं, आधी माझा बूट घासायचा टूथब्रश परत कर. बघू द्या. ओहो. ओहो काकू, हे काय घेऊन आलात तुम्ही!

बहीण : फारच खराब आहेत का?

कारागीर : खराब? या काचेमागे बघा. बावीस जोड्या आहेत, सगळ्या गिऱ्हाइकांच्या. माणसं माझ्याकडे आणून देतात आणि पोराला पाळणाघरात सोडल्यासारखी दहादा फोन करतात. त्यातला एकही जोड असा नाही. हा पहिला रेट्रो आहे.

बहीण : रेट्रो म्हणजे?

कारागीर : पुन्हा काढलेला. म्हणजे बघा, बास्केटबॉलचा बूट आधी नुसता कॅनव्हासचा असायचा. खाली सपाट रबर, घोट्यापर्यंत कापड. पन्नास वर्षं माणसं त्यातच उड्या मारत होती आणि गुडघे फोडून घेत होती. मग चामड्याचे आले. मग टाचेत हवेची पिशवी आली. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की बुटाला खेळाडूचं नाव द्यावं. तिथून सगळं बदललं. बूट राहिला नाही तो, त्या माणसाची उडी झाली. गल्लीतल्या पोरांनी टीव्हीवर पाहिली ती उडी, पण बूट घेणार कोण? ती पोरं मोठी झाली, कमवायला लागली, तेव्हा कंपन्यांनी तेच बूट तस्सेच परत काढले. तो रेट्रो. लोक बूट घ्यायला येत नाहीत काकू. राहून गेलेलं घ्यायला येतात.

बहीण : तो नऊ वर्षांचा होता. समोरच्या घरात टीव्ही होता, आमच्याकडे नव्हता. खिडकीच्या गजाला धरून बाहेर उभं राहून बघायचा. गजांमधून त्याला पडद्याचा फक्त खालचा अर्धा भाग दिसायचा.

कारागीर : म्हणजे पायच.

बहीण : पायच. घरी येऊन दाराच्या चौकटीला हात लावायला उड्या मारायचा. बाबा म्हणायचे, “हा माणूस नाही, टोळ आहे.” चिडून म्हणायचे. पण पुढे त्याच्या टीमनंही तेच नाव उचललं. टोळ. हॉस्पिटलात परवा एक जाडजूड टकले गृहस्थ आले, म्हणाले, “टोळ कुठल्या वॉर्डात आहे?” नर्स घाबरलीच.

कारागीर : मग हे त्यानं कसे मिळवले? हे निघाले तेव्हा रांगा लागायच्या. आदल्या रात्रीपासून.

बहीण : रांगेतच मिळवले. सकाळी नऊला त्याचा शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर होता. दुकानही नऊलाच उघडणार होतं.

कारागीर : नाही हो!

बहीण : दुपारी घरी आला तो हा डबा छातीशी धरून. बाबांना वाटलं, परीक्षा संपली म्हणून कुणी काही भेट दिली. स्वतःच विचारलं त्यांनी, हसून. आणि याला खोटं बोलता आलं नाही. आमच्या घरात ती एक वाईट खोड आहे.

कारागीर : बाबा काय करायचे?

बहीण : ओतकामाच्या कारखान्यात पहारेकरी होते. आवाराच्या भिंतीलगत रोज बारा फेऱ्या. पस्तीस वर्षं चालले. त्यांची एकच आशा होती की पोरानं बसून काम करावं. त्या दिवशी ते ओरडले नाहीत. अगदी हळू म्हणाले, “उद्या हा डबा कारखान्यात नेतो आणि भट्टीत टाकतो.” आणि आणखी एक वाक्य म्हणाले, ते मला जन्मभर टोचलं. “कोठीत ठेवलेले बूट कोठीतच मरतात.” घालायचे नाहीत, जपून ठेवायचेत असं हा म्हणाला होता ना, त्यावर. मला तो शापच वाटला. पोराच्या वस्तूला बापानं असं म्हणावं?

कारागीर : कोठीतले म्हणजे?

बहीण : कारखान्यातून पहारेकऱ्यांना बूट मिळायचे. त्यांची कोठी बाबांच्या ताब्यात होती. असो. रात्री भावानं डबा माझ्या हातात दिला, मघाशी सांगितलं ते सगळं सांगितलं आणि गेला. बाबांनी पुन्हा त्याचं नाव घेतलं नाही. सोळा वर्षं. मग तेही गेले. त्याला आता आठ वर्षं होतील. तेव्हाही हा आला नाही. पत्रातून मी लिहायचे की बूट सुखरूप आहेत. तो लिहायचा, “माझं मन राखू नकोस ताई, त्यांनी जाळलेत. मला माहीत आहे.” डॉक्टरांनी आता आठवडा सांगितलाय. त्याच्या मनात एवढंच अडकलंय, बाबांनी जाळले की नाही. मी शब्द दिलाय की आज चार वाजता बूट घेऊन येते आणि तुझ्या हातात देते. जसेच्या तसे.

कारागीर : आज?

बहीण : भेटीची वेळ चार ते सहा.

कारागीर : आता पावणेदोन. बरं. मी सरळ सांगते, वाईट वाटून घेऊ नका. या बुटाचा मधला सोल फेसाचा असतो, म्हणजे फोमचा. फेस मऊ असतो, म्हणून तर उडी मारून खाली आल्यावर झटका बसत नाही. पण हवेतली ओल त्यात शिरते आणि आतल्या आत त्याला खाते. पायात घातला, चाललं, की फेस दाबला जातो, सुटतो, ओल बाहेर पडते. नुसता ठेवला तर...

बहीण : तर?

कारागीर : मरतो. आणि प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवला तर लवकर मरतो.

बहीण : म्हणजे मी जपले म्हणून गेले.

कारागीर : तसं नका म्हणू.

बहीण : तसंच आहे ना पण? तीन पिशव्या मीच बांधल्या. दर महिन्याला कपाट बाहेरून पुसलं आणि हात जोडले की अजून एक महिना राखला गेला. आतमध्ये हे चाललं होतं.

कारागीर : काकू, मोठमोठे हौशी लोक हेच करतात. काचेत ठेवतात, एकदाही पायात घालत नाहीत आणि दहा-बारा वर्षांनी माझ्याकडे भुगा घेऊन येतात. तुम्ही एकट्या नाही. आता उपाय ऐका. हाच बूट गेल्या वर्षी पुन्हा निघालाय. त्याचे सोल काढून याला लावले की चालतासुद्धा येतं. पण दीड दिवस लागतो.

बहीण : दीड दिवस नाही माझ्याकडे.

कारागीर : दुसरा म्हणजे वरवरचा. भुगा काढते, आत कडक फोम भरते, बाहेरून रंग. तासाभरात होतो. लांबून कुणाला कळणार नाही. घालता येणार नाही, पण त्याला कुठे आता चालायचं... माफ करा. जीभ घसरते माझी.

बहीण : नाही, खरंच आहे. चालायचं नाहीच त्याला. त्याला कळेल का?

कारागीर : हातात घेऊन उलटा करून दाबून पाहिला नाही, तर नाही कळणार.

बहीण : तो बघेल. पण बोलणार नाही कदाचित. कर. तसंच कर. मी “जसेच्या तसे” म्हणाले आहे. देव मला एवढं माफ करील.

कारागीर : बरं. या ट्रेमध्ये धरा डावा, भुगा सांडू देऊ नका. मी उजवा घेते. वरचं चामडं मात्र काय सुंदर राहिलंय. शिवण बघा, एक टाका सुटलेला... अं?

बहीण : काय झालं?

कारागीर : काकू, हे घातलेले आहेत.

बहीण : नाहीत.

कारागीर : बोटांच्या वरची ही घडी बघा. चार ओळी, एकाशेजारी एक. ही ठेवून पडत नाही, पाय वाकल्यानं पडते.

बहीण : दुकानात घालून बघितले असतील त्यानं.

कारागीर : दुकानात दोन पावलं टाकून एवढी घडी पडत नाही. हे वर्षानुवर्षं वाकलेलं चामडं आहे. तुम्ही कधी...

बहीण : मी? पोरी, मी त्याचा शब्द मोडीन? किल्ली माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकाखाली असायची. घरात आणखी कोणी नव्हतं. मी आणि बाबा.

कारागीर : बाहेर रस्त्यावर घातलेले नाहीत, तळ स्वच्छ आहे. खडा नाही, डांबर नाही. घरातल्या घरात फरशीवर चाललंय कोणीतरी. उजव्या टाचेची बाहेरची कड तेवढी झिजलीय. डावी नाही. म्हणजे उजवा पाय थोडा बाहेर फेकत चालणारा माणूस.

बहीण : काय म्हणालीस?

कारागीर : उजवा पाय. बाहेर.

बहीण : बाबांच्या पायावर एकदा लोखंडी साचा पडला होता. उजव्या.

कारागीर : तुमच्या भावाचा नंबर काय? आत दहा लिहिलंय. आणि बाबांचा?

बहीण : लहान होता. सात. मीच चपला आणायचे त्यांच्या. नाही ग, पण त्यांना हे बसलेच नसते. तीन नंबर मोठे, पाय निसटला असता.

कारागीर : थांबा. पुढे काहीतरी कोंबलंय. कागद आहे.

बहीण : तो दुकानाचाच असेल. पातळ, तपकिरी. डब्यात तसाच असतो, तो म्हणाला होता.

कारागीर : हा पातळ नाही. वर्तमानपत्र आहे. घडी घालून घालून, दाबून वीट केलीय. कुणाचा पाय पुढे सरकू नये म्हणून करतात तसं. एकात एक आहेत. हळू हं, फाटेल. हा सगळ्यात आतला. तारीख वाचता येते का बघा, माझ्या हाताला गोंद आहे.

बहीण : हे तर... हा गेला त्याच वर्षीचं आहे. दोन महिन्यांनंतरचं.

कारागीर : आणि हे मधलं?

बहीण : त्याच्या पाच वर्षांनंतरचं. याच्यावर शब्दकोडं आहे, सोडवलेलं. हिरवी शाई. अग, हिरवी शाई! कारखान्यात फाटकावरच्या वहीत सही करायचं पेन होतं ते. निवृत्त झाल्यावर घरी घेऊन आले. आडवे शब्द सगळे भरायचे, उभे सोडून द्यायचे. म्हणायचे, एका दिशेनं गेलं की पुरे.

कारागीर : बघा, उभे सगळे रिकामे.

बहीण : हो.

कारागीर : पाणी देऊ का?

बहीण : नको. सगळ्यात वरचा कागद काढ.

कारागीर : हा घ्या. नोव्हेंबरचा. आठ वर्षांपूर्वीचा.

बहीण : डिसेंबरात गेले ते.

कारागीर : म्हणजे शेवटपर्यंत घालत होते. काकू, एक विचारू? कोठीतले बूट मरतात असं ते म्हणाले होते ना? पहारेकऱ्यांच्या बुटांनाही हाच सोल असतो. फेसाचा. ज्या माणसाच्या ताब्यात कोठी होती, त्याला हे माझ्याआधी माहीत होतं. तो शाप नव्हता.

बहीण : मग काय होतं?

कारागीर : सांगत होते ते. घालत राहा, नाहीतर जातील, असं. त्यांना सांगता आलं नसेल नीट.

बहीण : त्यांना काहीच नीट सांगता यायचं नाही.

कारागीर : मी मघापासून विचार करतेय की चोवीस वर्षांचा जोड, लोखंडी कपाट, तीन पिशव्या, तर हा केव्हाच संपायला हवा होता. डबा उचलताना पीठच मिळालं असतं. हा भुगा ताजा आहे. सोळा वर्षं कोणीतरी यातली ओल चालून चालून बाहेर काढली. ते गेले आणि मग हा बूट मरायला लागला.

बहीण : पण कधी? मी घरात असायचे. रात्री त्यांचा डोळा लागेपर्यंत मी जागी असायचे.

कारागीर : तुम्ही बाहेर कधी जायचात?

बहीण : कुठेच नाही. माझं काम घरातच असायचं. फक्त संध्याकाळी सहा ते सात प्रार्थनेला. तो नेम मी कधी चुकवला नाही. ताप असला तरी गेले. कधी बरं नसलं तर बाबाच म्हणायचे, “जाऊन ये तू. नेम मोडू नये.” मला वाटायचं, यांचा कशावर विश्वास नाही, मग माझ्या नेमाची एवढी काळजी का?

कारागीर : तास मिळावा म्हणून.

बहीण : परत आले की खुर्चीत बसलेले असायचे. कपाळावर घाम. मी म्हणायचे, पंखा लावा की. रोज एका तासात घरातल्या घरात... आणि पुन्हा तीन पिशव्या, एकीत एक. गाठीसुद्धा माझ्यासारख्या. किल्ली पुस्तकाखाली, जिथल्या तिथे.

कारागीर : पहारेकरीच ते.

बहीण : त्या तासात मी काय मागायचे ठाऊक आहे? सोळा वर्षं एकच. दुसरं काही मागितलं नाही, स्वतःसाठी नाही, भावासाठीसुद्धा नाही. बाबांनी एकदा तरी त्याचं नाव घ्यावं.

(फोन वाजतो. बहिणीचे दोन्ही हात भुग्याने भरलेले आहेत. कारागीर फोन उचलून स्पीकर लावते आणि ट्रेजवळ ठेवते.)

भाऊ : ताई.

बहीण : बोल रे. जेवलास का?

भाऊ : दोन घास. ती नर्स खाऊ घालते की शिक्षा करते, कळत नाही. ताई, तू येतेयस ना?

बहीण : येते.

भाऊ : घेऊन?

बहीण : घेऊन.

भाऊ : बघ, नसतील तर नाही म्हण. मी आता रागावणार नाही. राग धरायला ताकद लागते. जाळले असतील तर जाळले. त्यांचा हक्क होता. मी पेपर बुडवला होता. फक्त मला दुसऱ्याच कुणाचे आणून दाखवू नकोस. तू करशील, मला माहीत आहे. माझं मन राखायला तू काहीही करशील.

बहीण : नाही करणार.

भाऊ : रडतेयस का?

बहीण : डांबरगोळ्यांचा वास आहे इथे.

भाऊ : बुटांजवळ डांबरगोळ्या ठेवल्यास? ताई, धन्य आहेस तू.

बहीण : जास्त बोलू नकोस. दम लागतो तुला. चारला येते. जागा राहा. मला तुला बाबांचं काही सांगायचंय.

भाऊ : बाबांचं आता काय सांगायचं राहिलंय?

बहीण : आल्यावर. समोर बसून.

कारागीर : ठेवला त्यांनी फोन. काकू, तो फोम भिजवून ठेवते. अजून दोन तास आहेत. पाऊण तासात...

बहीण : नको.

कारागीर : नको?

बहीण : राहू दे. ऐकलंस ना तू. त्याच्यासमोर दुसऱ्याच कुणाचे नाही न्यायचे. खोटा सोल लावला की अर्धे दुसऱ्याचेच झाले.

कारागीर : पण तुम्ही “जसेच्या तसे” म्हणालात त्याला. हे असे बघून...

बहीण : जसेच्या तसे म्हणजे मी समजत होते तसे नाहीत ते. मला वाटत होतं, राखले मी. मी नुसती कपाट पुसत होते.

कारागीर : असं नाही. तुम्ही राखले नसते, तर त्यांना चालायला काय उरलं असतं?

बहीण : गोड बोलतेस. थांब, ते काय करतेस?

कारागीर : लेस सोडतेय. धुवून देते निदान. पिवळ्या पडल्यात.

बहीण : गाठ सोडू नकोस. ती बाबांची आहे. बघ, दुहेरी, आत खोचलेली. फेरीवर सुटू नये म्हणून तशी बांधायचे. नोव्हेंबरातली आहे ती. तशीच राहू दे.

कारागीर : बरं. भुगा? टाकून देऊ?

बहीण : एका कागदात बांधून दे. आणि ते कोड्याचे कागद होते तसे परत आत घाल. एकात एक. तो घरातून गेला त्या वर्षीचा आत, शेवटचा वर. त्यालाच काढू दे. तेवढं जमेल त्याला.

कारागीर : त्यांनी विचारलं की टाच कुठे गेली, तर?

बहीण : सांगीन, बाबा नसल्यावर आठ वर्षं कोणी चाललं नाही. आणि उजवी टाच दाखवीन. जी कड उरलीय ती.

कारागीर : मावत नाहीत आता डब्यात नीट. दुसरी पिशवी देऊ?

बहीण : पिशवी नको. डबा पण तुझ्याकडेच ठेव.

कारागीर : अहो, एवढा जुना डबा, यालासुद्धा लोक शोधत फिरतात.

बहीण : शोधत येतील त्यांना दे. मी हातात घेऊन जाते, असेच. तुझं बिल किती झालं?

कारागीर : माझं काही झालं नाही काकू. मी काहीच केलं नाही.

बहीण : ये मग कधीतरी घरी. फरशी दाखवीन. कपाटापासून खिडकीपर्यंत एक पट्टा आहे, बाकीच्यापेक्षा गुळगुळीत. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्याच पुसण्यानं झालाय.

कारागीर : थांबा ना, मी स्कूटर काढते. हॉस्पिटल वर चढावर आहे. ऊनही आहे.

बहीण : किती वेळ लागतो पायी?

कारागीर : तुमच्या चालीनं पाऊण तास.

बहीण : मग वेळेत पोचेन. दार धर जरा, माझे हात गुंतलेत. चालतच जाते.